हाताला हात

आमच्याकडे पूजेत बायकोला फारसं काम नसतं. नवरा पाटावर बसतो, संकल्प सोडतो, देवाला पाणी घालतो. बायकोनं शेजारी बसायचं आणि त्याच्या उजव्या हाताला आपला हात लावायचा, म्हणजे त्यानं जे केलं ते तिनंही केलं असं होतं. भटजी मध्येच मान वर करून म्हणतात, 'वहिनी, हात लावा.' वहिनी हात लावते, पण तिचं अर्धं लक्ष गॅसवरच्या शिऱ्याकडे असतं. माझ्या धाकट्या भावाची बायको विजया लग्न झाल्यापासून हेच करत आली. ते तिच्या अंगाशी कसं आलं ते मी सांगणार आहे. मी सख्खी नणंद. नणंद वहिनीची बाजू घेते म्हणून कुणाला नवल वाटेल. वाटो.

आम्ही पाठराबे रायपूरचे जुने. भोसल्यांच्या फौजेबरोबर आमचा कुणी पूर्वज इकडे आला आणि परत जायचं विसरून गेला, असं वडील सांगायचे. आता घरात मराठी अर्धी उरली आहे, बाकी हिंदी. शंकर नगरात आमचं दोन मजली घर आहे. खाली मी एकटी, शाळेतून निवृत्त झालेली मायाताई. वर चारुदत्त आणि विजया. त्यांची मुलगी गंधाली बेंगळुरूला नोकरी करते, फोनवर मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते.

विजया गोंदियाची. तिचे वडील तांदळाच्या गिरणीत मुनीम होते. तिथूनच तिला एक सवय लागली असावी: कुठल्याही वस्तूला बोटांनी चाचपून पाहायचं. तांदूळ जुना की नवा, साडीचं सूत खरं की खोटं, पापडाचं पीठ झालं की नाही, सगळं ती अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून सांगायची. दुकानदार बोलत राहायचा आणि हिची बोटं चालू असायची. 'डोळे फसतात ताई, बोटं नाही फसत,' असं ती मला म्हणायची. भांडण मात्र तिला आवडत नसे. नवऱ्यानं आवाज चढवला की ती उठून भांडी घासायला लागायची, मग ती भांडी आधीच घासलेली का असेनात.

चारुदत्तची रायपूरबाहेर सिलतऱ्याला छोटी कंपनी आहे. मोठ्या प्लांटना लागणारे लोखंडी जिने, खांब, शेडचे सांगाडे तिथं बनतात. पंधरा-वीस माणसं, एक शेड, एक क्रेन. शिशिर नावाच्या मित्राबरोबर त्यानं ती काढली आणि नाव ठेवलं गंधाली इंजिनियरिंग प्रायव्हेट लिमिटेड. पोरगी तेव्हा शाळेत होती, तिला फार भारी वाटलं. माझा भाऊ वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. कष्टाळू आहे, कामगारांच्या लग्नांना जातो, मिठाई नेतो. पण 'आज नको, उद्या पाहू' हा त्याचा जन्मजात रोग. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशनसुद्धा त्यानं असंच लांबवलं होतं.

मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात शिशिरनं कंपनी सोडली. त्याला मुलाकडे इंदूरला जायचं होतं. तेलीबांध्याच्या सीएनं सांगितलं की अशा कंपनीत निदान दोन डायरेक्टर लागतात, म्हणून शिशिर बाहेर पडायच्या आधी दुसरं कुणीतरी आत यायला हवं. बाहेरचा माणूस कशाला, घरात भाभीजी आहेतच की, असंही तोच म्हणाला. शिशिरचे शेअर विजयाच्या नावावर करायचे आणि तिला डायरेक्टर करायचं, असं चहा संपायच्या आत ठरलं. विजया त्या वेळी चहाचे कप उचलत होती.

तिनं विचारलं, मला काय करावं लागेल? चारुदत्त म्हणाला, काही नाही, नुसतं नाव. मग तिचं आधार कार्ड, पॅन कार्ड, फोटो गेले, संमतीच्या कागदावर सही झाली. डिजिटल सहीसाठी मोबाइलसमोर बसून आपलं नाव आणि स्क्रीनवरचा नंबर वाचायचा होता. त्यासाठी ती पोपटी साडी नेसून बसली. वाचताना कुकरची शिट्टी झाली, म्हणून तो व्हिडिओ पुन्हा काढावा लागला. सहीचा तो पेनड्राइव्ह घरी आला तो थेट सीएच्या खणात गेला. नंतर तिच्या मोबाइलवर ओटीपी यायचे आणि ती स्वयंपाकघरातून ओरडून नवऱ्याला सांगायची. अशी आमची विजया डायरेक्टर झाली.

खोटं कशाला बोलू, तिला आनंद झाला होता. शेअरचा कागद तिनं हळदकुंकू लावून देवघराच्या खणात ठेवला. चारुदत्तनं राखीला गंमत म्हणून तिच्या नावाची कार्डं छापून आणली, त्यातलं पहिलं तिनं मला दिलं. महालक्ष्म्यांच्या जेवणाला आलेल्या बायका तिला डायरेक्टरबाई म्हणून चिडवू लागल्या. ती वाढता वाढता लाजायची, पण कुणाला थांबवलं नाही तिनं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला घराबाहेरच्या नावानं हाक मारत होतं, आणि मला तिचं बरं वाटलं होतं.

एक गोष्ट मात्र तिला कुणी सांगितली नाही. कारखान्याच्या परवान्यात एका डायरेक्टरचं नाव 'अधिभोगी' म्हणून द्यावं लागतं. कारखान्यात काही वाईट झालं, तर कायदा सगळ्यांत आधी त्या माणसाला जाब विचारतो. पूर्वी तिथं शिशिरचं नाव होतं. जाताना त्यानं चारुदत्तला फोन करून बजावलं होतं की बाकीचं नंतर कर, पण परवान्यातून माझं नाव आधी काढ. शिशिरला कळत होतं. त्याच्या जागी चारुदत्तनं स्वतःचं नाव घातलं असेल असं कुणालाही वाटलं असतं. त्यानं विजयाचं घातलं.

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा आली. सिलतऱ्यात त्या दिवशी प्रत्येक शेडमध्ये मांडव असतो, माणसं धुतलेले कपडे घालून येतात आणि मशीनला हार घालतात. आम्ही तिघं गेलो. चौरंगासमोर फळी टाकून तिच्यावर सगळी अवजारं मांडली होती: पाने, हातोडे, ग्राइंडर, वेल्डिंगचे होल्डर. आणि सगळ्यांच्या मधोमध क्रेनला लावायची ती जाड साखळी, जिनं लोखंडी प्लेटा उचलतात. ती भैय्यालालनं तिथं ठेवली होती. भैय्यालाल तिथला मिस्त्री, शेडचा पहिला खांब रोवला तेव्हापासूनचा. गाव तिथून जवळच. बोलायला कमी, पण बोलला तर कामाचंच.

पूजा झाली. चारुदत्तच्या हाताला विजयाचा हात होता. मग अवजारांना हळदकुंकू लावायचं काम तिच्याकडे आलं. एकेका वस्तूला ती कुंकू लावत चालली होती, आणि साखळीशी आल्यावर तिची बोटं थांबली. मी शेजारीच होते. तिनं एक कडी अंगठा आणि तर्जनीत धरली, फिरवली, शेजारची कडी धरून पाहिली, पुन्हा पहिली धरली. ती कडी वळणापाशी झिजून पातळ झाली होती, वापरलेल्या साबणाची वडी होते तशी. विजयानं तिच्यावर कुंकू लावलं आणि मान वर केली. समोर भैय्यालाल हात जोडून उभा होता आणि तिच्याकडेच पाहत होता.

"मैडम, अब आप डायरेक्टर हैं," तो हळूच म्हणाला. "ये चेन बदलवा दीजिए. साहब के पास टाइम नहीं रहता."

विजया म्हणाली, हव, मैं बोलती हूँ.

ती बोलली. परतीच्या गाडीत मी मागे बसले होते, म्हणून मला ते माहीत आहे. चारुदत्त हसला आणि म्हणाला, आली मोठी डायरेक्टर. मग गंभीर होऊन म्हणाला की दिवाळीआधीचा माल एकदा जाऊ दे, मग नवीन साखळ्या आणू, मिस्त्री लोकांना सगळंच नवीन पाहिजे असतं. तिनं घरी आल्यावर पुन्हा एकदा विषय काढला. तो म्हणाला, तू त्यात डोकं नको लावू. तिनं नाही लावलं. चकलीच्या भाजणीचे दिवस आले, आणि ती भाजणी भाजायला लागली.

दिवाळीच्या जरा आधी, भर दुपारी, ती साखळी तुटली. प्लेट खाली आली तेव्हा भैय्यालाल तिच्याखाली होता. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता. चारुदत्त दवाखान्याच्या पायरीवर बसून ओकला. त्याला सावरायला मीच होते, आणि त्याचं रडणं खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी आली, 'गंधाली में हादसा, मिस्त्री की मौत'. पोरीनं बेंगळुरूहून ती मोबाइलवर वाचली आणि फोन करून रडली. आपल्या नावासमोर मौत हा शब्द तिला बघवेना.

कारखान्याचे इन्स्पेक्टर आले. त्यांनी चारुदत्तला विचारलं, अधिभोगी विजया पाठराबे कोण? चारुदत्तनं घरी मला फोन केला की विजूला घेऊन ये, आधार कार्ड आण. आम्ही दोघी गेलो. शेड चिडीचूप होतं. साखळी जमिनीवर पसरून ठेवली होती आणि कुणीतरी तिचे फोटो काढत होतं. तुटलेल्या कडीच्या खाचेत, ग्रीजमध्ये माखलेलं, लाल काहीतरी दिसत होतं. फोटो काढणाऱ्यानं ते काय आहे म्हणून विचारलं. विजयाच म्हणाली की ते कुंकू आहे, मी लावलेलं. मग इन्स्पेक्टरांनी तिला विचारलं, अधिभोगी आपण का? तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं होकारार्थी मान हलवली. ती म्हणाली, हो. मग खटला आपल्यावर होईल, असं इन्स्पेक्टर म्हणाले, आणि त्या शब्दाचा अर्थ तिला तिथं उभ्या उभ्या कळला.

घरी आल्यावर तिनं चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"तुमचं नाव काहून नाही दिलं?" तिनं विचारलं.

चारुदत्त बराच वेळ पाणी पीत राहिला. मग म्हणाला, "लायसनचं काम करणारा म्हणाला होता, बाईमाणूस असलं की कोर्ट जरा नरम राहते. असं काही होईन असं कोणाले वाटलं होतं, विजू?"

तिच्याआधी मी बोलले. मी म्हटलं, वाटलं नव्हतं तर मग नरम कोर्टाची गरज कुठून पडली रे? माझा आवाज इतका चढला की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. सख्ख्या भावाची मला त्या दिवशी किळस आली, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं आहे. तो म्हणाला, ताई, मी काही मुद्दाम केलं का? मुद्दाम केलं नाही, हे मलाही मान्य आहे. पण त्यानं आपलं अंग वाचवलं होतं, आणि तेही बायकोला आड ठेवून. विजया उठून आत गेली. मला वाटलं आता भांड्यांचा आवाज येईल, पण आला नाही.

कंपनीतर्फे भैय्यालालच्या घरी जे द्यायचं ते चारुदत्त जाऊन देऊन आला. दहाव्याला विजया म्हणाली, मला जायचं आहे. चारुदत्तनं मनाई केली. वकिलानं सांगितलं होतं म्हणे की तिकडे जाऊन काही बोलू नका. ती मला घेऊन गेली. सिलतऱ्याच्या पुढे झाडांची पानं काळी असतात, प्लांटची राख बसून. भैय्यालालच्या पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली, घरंही वरून तशीच काळपट झालेली, पण त्याच्या घराच्या भिंतींना खालून नवा पांढरा चुना दिलेला होता. दिवाळीसाठी त्यानंच दिलेला.

त्याची बायको सुखबती बायकांच्या मध्ये बसली होती. कुणीतरी तिच्या कानात सांगितलं. तिनं वर पाहिलं. मला वाटलं शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ओ दिन पूजा ले आके बड़ खुस रिहिस," ती म्हणाली. त्या दिवशी पूजेहून येऊन तो फार खुशीत होता. "कहिस, मैडम ला बता दे हंव, अब नवा चेन आ जाही."

मॅडमला सांगितलं आहे, आता नवी साखळी येईल. तो घरी येऊन असं म्हणाला होता. विजया खाली मान घालून उभी होती.

"आप ला बताय रिहिस न?" सुखबतीनं विचारलं.

"हव," विजया म्हणाली.

 सुखबतीनं पदर डोक्यावर ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. एका म्हातारीनं आम्हाला पाणी दिलं, ते पिऊन आम्ही निघालो. गाडीत विजया फक्त एवढंच म्हणाली की ताई, त्यानं घरी जाऊन सांगितलं होतं. मग शंकर नगर येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

दिवाळी झाली नाही. त्यानंतर वकील घरी आले. मोठे वकील, बोलणं अगदी गोड. त्यांनी नोटिशीचं उत्तर लिहून आणलं होतं, त्यावर विजयाची सही हवी होती. त्यात म्हटलं होतं की मी गृहिणी आहे, कारखान्याच्या कामाशी माझा संबंध नाही, साखळी खराब असल्याबद्दल माझ्याकडे कुणीही कधीही तक्रार केली नाही. साखळी निवडायचं आणि तपासायचं काम मिस्त्री भैय्यालालचं होतं आणि चूक त्याचीच होती. वकील म्हणाले, भाभीजी, मेलेल्या माणसाला शिक्षा होत नाही, त्याच्या घरच्यांना जे मिळायचं ते मिळालं आहे, कुणाचंच नुकसान नाही. सही केली तर तुम्ही बहुतेक सुटाल. नाही केली तर तुरुंगसुद्धा होऊ शकतो. हे सगळं त्यांनी पोहे खाता खाता सांगितलं. पोहे विजयानंच केले होते.

विजयानं कागद पूर्ण वाचला. तिचं बोट त्या एका ओळीवर थांबलं.

"हे खोटं आहे," ती म्हणाली. "भैय्यालालनं मले सांगितलं होतं."

चारुदत्तचा तोल सुटला. "तुले सांगून काय होते? तू काय कंपनी चालवते?"

"त्याले तसं वाटलं होतं ना," विजया म्हणाली.

 वकिलांनी चमचा बशीत ठेवला. मला माझ्या वहिनीकडे बघवत नव्हतं आणि तिच्यावरून नजरही काढता येत नव्हती. सीए, वकील, नवरा, हळदीकुंकवाच्या बायका, आणि मीसुद्धा, आम्ही सगळ्यांनी तिला गमतीत डायरेक्टर म्हटलं. मनापासून मानलं ते एका माणसानं, आणि आता त्याच्याच माथी खापर फोडायला तिची सही हवी होती.

मग समजावण्याचे दिवस सुरू झाले. गंधालीनं फोनवर सांगितलं, "मम्मी, साइन कर दो ना. सब यही करते हैं." तिचं लग्न ठरत होतं, आई तुरुंगात गेली तर काय सांगायचं, हेही ती बोलली. चारुदत्त कधी चिडला, कधी पाया पडायला आला. एकदा तो माझ्याकडे खाली येऊन बसला आणि लहानपणी बसायचा तसा गुडघ्यात डोकं घालून म्हणाला, ताई, तू सांग तिला, ती तुझं ऐकते. मी म्हटलं, तू तिचं ऐकलं असतंस तर आज भैय्यालाल जेवायला घरी गेला असता. तो उठून गेला. त्यानंतर पुष्कळ दिवस तो माझ्याशी बोलत नव्हता. विजयाशी तर त्याचं बोलणं भाजी आणि औषधांपुरतंच उरलं.

विजयानं सही केली नाही. वर्षभरात तिचे केस पिकले, रक्तदाबाची गोळी सुरू झाली. महालक्ष्म्यांना बोलावलेल्या बायकांपैकी पुष्कळशा आल्या नाहीत. ज्या आल्या त्या लवकर जेवून गेल्या.

त्याआधीच, पावसाळ्यात, कोर्टात तिचा नंबर लागला होता. मी बरोबर होते. तिनं साधी सुती साडी नेसली होती आणि पर्समध्ये गोळ्यांचं पाकीट होतं. आरोप वाचून दाखवले आणि मान्य आहेत का, असं विचारलं. वकिलांनी तिला बाहेर पाचदा पढवलं होतं की 'अस्वीकार' म्हणायचं, पुढचं मी बघतो.

"स्वीकार है," विजया म्हणाली. "भैय्यालाल ने मुझे बताया था. बदलवाना मेरा काम था. मैंने नहीं बदलवाया."

सगळ्यांना ऐकू गेलं. न्यायाधीशांनी वकिलाला सांगितलं की यांना बाहेर नेऊन नीट समजावा आणि पुढची तारीख दिली. पुढच्या तारखेलाही ती तेच म्हणाली, शब्दसुद्धा बदलला नाही. काही महिन्यांचा तुरुंग आणि दंड झाला. शिक्षा कमी व्हावी म्हणून वकिलांनी अपील केलं आहे आणि ते लागेपर्यंत ती जामिनावर घरी आहे. अपिलाच्या कागदावर तिनं सही केली, गंधालीसाठी. निकाल काय लागेल ते कुणी सांगत नाही. रायपूरच्या नातेवाइकांत सगळे म्हणतात की विजयानं नवऱ्याचं नाक कापलं. भैय्यालालच्या घरून कुणी तिला चांगलं म्हणालं, असंही नाही. सुखबती कोर्टात आली होती. मागच्या बाकावर बसली, ऐकलं आणि विजयाकडे न पाहता निघून गेली.

सीएनं सुचवलं की भाभीजींनी आता राजीनामा द्यावा, दुसरं कुणी बघू. विजया नाही म्हणाली. कारण विचारलं तर म्हणाली, आता राहीन. चारुदत्तला ते सूडासारखं वाटलं. मला तसं वाटलं नाही. पण खरं काय ते तिनं मलाही सांगितलेलं नाही.

यंदाची विश्वकर्मा पूजा परवा झाली. अपघातापासून शेडमध्ये क्रेनचं काम बंद होतं. आता नवीन साखळ्या आल्या होत्या, परवानगी मिळाली होती, आणि चारुदत्तला पूजा करून काम सुरू करायचं होतं. तो विजयाला म्हणाला, निदान एवढं तरी कर, माणसांसमोर. ती तयार झाली. इन्स्पेक्टर आले त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच तिथं पाऊल ठेवत होती.

तोच मांडव, तीच फळी. फळीवर नव्या साखळ्या चकाकत होत्या, आणि बाजूला जुन्यांपैकी ठेवून घेतलेल्या एक-दोन. माणसं ओळीनं उभी होती. भैय्यालालच्या जागी नवा मिस्त्री आला होता, त्याचं नाव मला अजून माहीत नाही. चारुदत्त पाटावर बसला, विजया शेजारच्या पाटावर. पंडितजींनी मंत्र सुरू केला, चारुदत्तनं तळहातावर पाणी आणि अक्षता घेतल्या. पंडितजी थांबले आणि नेहमीसारखे म्हणाले, "भाभीजी, हाथ लगाइए."

विजयानं हात मांडीवरच ठेवला. पंडितजींनी पुन्हा सांगितलं. चारुदत्तनं डोळ्यांनी खुणावलं. ती उठली. मला वाटलं बाहेर निघून जाईल, पण ती फळीशी गेली, जमिनीवर बसली आणि पहिली साखळी ओढून मांडीवर घेतली. मग अंगठा आणि तर्जनीत एकेक कडी धरून, फिरवून, पुढे सरकवत राहिली. नव्या साखळ्या झाल्या, मग तिनं जुन्या घेतल्या. साडीला ग्रीज लागलं.  पंडितजी पोथीत बोट घालून बसले, आणि चारुदत्तच्या तळहातावरचं पाणी बोटांच्या फटींतून त्याच्या गुडघ्यावर गळत होतं.

सगळ्या साखळ्या पाहून झाल्यावर तिनं मान वर केली आणि उभ्या माणसांना विचारलं, "और कुछ खराब है क्या? है तो मुझे बताइए. मैं बदलवाऊँगी."

माणसांनी चारुदत्तकडे पाहिलं. मग पायांकडे. नव्या मिस्त्रीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं असं मला वाटलं, पण त्यानंही ते मिटलं. विजया एकेकाच्या तोंडाकडे पाहत वाट बघत राहिली. त्या शेडमध्ये तिच्याशी बोलणारा माणूस एकच होता, आणि तो आता नव्हता.